सेनापतीचे ऋण : कूपरच्या ‘द स्पाय’ या कादंबरीचा पुनर्विचार

जेम्स फेनिमोर कूपर याची ‘द स्पाय’ ही कादंबरी १८२१ सालच्या डिसेंबर महिन्यात न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये हडसन नदीच्या पश्चिमेकडील टॅपन या गावी एक जुने थडगे उकरण्यात आले होते. त्यातील अस्थी ब्रिटिश सैन्यातील मेजर जॉन आंद्रे याच्या होत्या. २ ऑक्टोबर १७८० रोजी वॉशिंग्टनच्या आज्ञेने त्यास हेर म्हणून फाशी देण्यात आले होते. या अस्थी इंग्लंडला नेऊन वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरण्यात आल्या. तेथे त्याचे स्मारक १७८२ पासूनच उभे होते. म्हणजे ज्या वर्षी ब्रिटिशांनी आपल्या हेरास राजे व कवी यांच्या सान्निध्यात चिरविश्रांतीचे स्थान दिले, त्याच वर्षी अमेरिकन पक्षाच्या हेरास प्रथमच वाङ्मयात मानाचे स्थान मिळाले. मात्र तो हेर कल्पित होता आणि त्याचा निर्माता अवघ्या बत्तीस वर्षांचा, नावावर एकच फसलेली कादंबरी असलेला लेखक होता.

या दोन घटनांत कार्यकारणसंबंध शोधण्याचे प्रयोजन नाही. तथापि ‘द स्पाय’चा विचार करताना त्या शेजारी शेजारी ठेवणे उपयुक्त ठरते. स्वातंत्र्ययुद्धाची कीर्ती ज्या सेनापतीच्या नावावर जमा झाली, त्याने ज्यांच्या बळावर ते युद्ध चालविले त्या गुप्तचरांचे ऋण कसे फेडावयाचे, किंबहुना ते फेडता येते काय, हा या कादंबरीचा खरा विषय होय. स्कॉटच्या वळणाची पहिली यशस्वी अमेरिकन ऐतिहासिक कादंबरी एवढीच तिची ओळख वाङ्मयेतिहासात सामान्यतः करून दिली जाते. ही ओळख चुकीची नाही, परंतु तिच्यामुळे हा विषय झाकला जातो.

कथानक १७८० च्या अखेरीचे आहे. न्यूयॉर्क शहर ब्रिटिशांच्या ताब्यात, उत्तरेकडील डोंगराळ मुलूख अमेरिकन सैन्याच्या ताब्यात, आणि या दोहोंच्या मध्ये वेस्टचेस्टर परगण्याचा कोणाचाच नसलेला पट्टा. कूपरने आपल्या उपशीर्षकात त्यास ‘तटस्थ भूमी’ म्हटले आहे. हे नाव उपरोधिकच म्हणावे लागेल, कारण या भूमीत तटस्थ राहण्याची मुभा कोणालाच नव्हती. ब्रिटिशांच्या बाजूचे ‘काउबॉय’ आणि अमेरिकनांच्या बाजूचे म्हणविणारे ‘स्किनर’ अशा लुटारूंच्या टोळ्या तेथे आळीपाळीने दरवडे घालीत. अशा प्रदेशात हार्वे बर्च हा फेरीवाला पाठीवर गाठोडे घेऊन दोन्ही छावण्यांमध्ये ये-जा करतो. लोक त्यास ब्रिटिशांचा हेर समजतात. त्यातही पैशासाठी हेरगिरी करणारा, म्हणजे सर्वांत हीन. वस्तुतः तो वॉशिंग्टनचा हेर आहे आणि ही गोष्ट वॉशिंग्टनव्यतिरिक्त कोणासही ठाऊक नाही.

दुसरीकडे व्हार्टन कुटुंबाची कथा आहे. ब्रिटिश सैन्यातील कॅप्टन हेन्री व्हार्टन वडिलांच्या व बहिणींच्या भेटीसाठी वेष पालटून शत्रूच्या मुलखातून घरी येतो, पकडला जातो आणि हेर म्हणून मृत्युदंडास पात्र ठरतो. त्या रात्री त्याच घरी ‘हार्पर’ नावाचा एक शांत, गंभीर प्रवासी वादळामुळे आश्रयास आलेला असतो. हा हार्पर म्हणजे वेषांतर केलेला वॉशिंग्टन, हे कादंबरीच्या अखेरीस उलगडते. हेन्रीच्या भगिनींचे प्रेमविवाह, कर्नल वेलमीरचा दुसऱ्या लग्नाचा कपटी डाव, शस्त्रवैद्य सिटग्रीव्हज याची पांडित्यपूर्ण बडबड हा सारा भाग आज शिळा वाटतो, आणि त्यावर शब्द खर्च करण्याचे कारण नाही. बेटी फ्लॅनगन ही छावणीतील मद्यविक्रेती मात्र जिवंत वठली आहे. तिच्याच कपड्यांत बर्च एकदा कैदेतून निसटतो.

कादंबरीतील पहिला महत्त्वाचा प्रसंग हाच आहे. बर्च पकडला जातो आणि मेजर डनवुडी त्यास फाशीची शिक्षा फर्मावतो. बर्चपाशी पत्र्याची एक लहान डबी आहे. त्या डबीतील कागद दाखविला तर त्याचा प्राण तत्काळ वाचेल, कारण तो कागद सेनापतीच्या हातचा आहे. बर्च डबी उघडतो, क्षणभर घुटमळतो आणि डनवुडीने कागद हिसकावण्याची आज्ञा देताच तो गिळून टाकतो. या कृतीतून कूपरने हेराच्या धर्माचे मर्म दाखविले आहे. सैनिक प्राण देतो तेव्हा त्याचे नाव उरते. बर्चवर मात्र प्राण देतानाही देशद्रोही म्हणून मरण्याचे बंधन आहे. अब्रू हेच त्याचे वेतन ठरले असते आणि नेमके तेच त्यास घेता येत नाही. कूपरच्या पूर्वीच्या इंग्रजी कादंबरीत हेराला इतके आंतरिक गांभीर्य क्वचितच लाभले असेल.

भारतीय परंपरेशी परिचित असलेल्या वाचकाला येथे थोडे नवल वाटणे साहजिक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात गूढपुरुषांचे प्रकार सांगताना व्यापाऱ्याच्या वेषातील ‘वैदेहक’ हेर स्वतंत्रपणे निर्दिष्ट केलेला आहे. बर्च त्याच जातीचा. परंतु कौटिल्य या हेरांचे वार्षिक वेतनही पणांच्या हिशेबात नमूद करतो. वैदेहकास एक हजार पण. तेथे हेर हा राज्ययंत्रणेचा एक सेवक आहे; त्याने मोबदला घेतला म्हणून तो हीन ठरत नाही. अठराव्या शतकातील युरोपीय लष्करी नीतीत मात्र सेनानायक हा सभ्य गृहस्थ मानला जाई, आणि हेरगिरी हे सभ्य गृहस्थास न शोभणारे कर्म. त्यामुळे सेनापतीला हेराची गरज होती, परंतु त्याच्याशी असलेले नाते मान्य करणे त्यास शक्य नव्हते. ‘द स्पाय’चे सारे नाट्य या विसंगतीवर उभे आहे.

वॉशिंग्टनविषयीचा ऐतिहासिक पुरावा येथे पाहिला पाहिजे, कारण कूपरने आपला सेनापती या पुराव्यापासून किती दूर नेला हे त्यावरूनच कळते. २२ सप्टेंबर १७७६ रोजी नेथन हेल या एकवीस वर्षांच्या शिक्षकास ब्रिटिशांनी न्यूयॉर्कमध्ये फाशी दिले. हेल शूर होता, परंतु हेरगिरीचे कसलेही शिक्षण वा साहाय्य त्यास नव्हते. पुढे १७७८ मध्ये येल येथील हेलचा वर्गबंधू बेंजामिन टॉलमॅज याच्याकडे गुप्तवार्तांचे काम आले, आणि ‘कल्पर’ या टोपणनावाने ओळखले जाणारे वर्तुळ सिद्ध झाले. सेटॉकेटचा शेतकरी एब्राहम वुडहल हा ‘सॅम्युएल कल्पर’, न्यूयॉर्कमधील व्यापारी रॉबर्ट टाउनसेंड हा ‘कल्पर ज्युनियर’, ऑस्टिन रो हा निरोप्या आणि केलेब ब्रूस्टर हा खाडीपार होडी नेणारा. टॉलमॅजने तयार केलेल्या सांकेतिक कोशात वॉशिंग्टनचा क्रमांक ७११ होता. अदृश्य शाई सर जेम्स जे याने बनविली होती. ती कशी वापरावी याच्या सूचना स्वतः वॉशिंग्टनने सप्टेंबर १७७९ मध्ये लिहून पाठविल्या : पुस्तिका, पंचांगे, टिपणवह्या यांच्या कोऱ्या पानांवर मजकूर लिहावा. त्याच पत्रात, धाकट्या कल्परने आपला नेहमीचा व्यवसाय सोडू नये, त्या व्यवसायाच्या आडोशानेच त्याचे काम अधिक सुरक्षितपणे चालेल, असाही सल्ला आहे.

या पत्रव्यवहारातून दिसणारा वॉशिंग्टन व्यवहारचतुर आहे. तो वार्ता उशिरा पोहोचल्याबद्दल कुरकुर करतो. वुडहल खर्चाचे हिशेब सादर करतो आणि जीव मुठीत घेऊन जगत असल्याची तक्रार करतो. या नात्यात भव्य असे काही नाही. पैसा, शाई, घोड्यांचे टप्पे, होडीची वेळ आणि भीती यांनी ते बनले आहे. कूपरला यांपैकी काहीच ज्ञात असणे शक्य नव्हते. टॉलमॅजच्या आठवणी १८५८ मध्ये छापल्या गेल्या, आणि त्यांतही त्याने आपल्या हेरांची नावे दिली नाहीत. टाउनसेंड १८३८ मध्ये वारला, तोवर आणि त्यानंतरही जवळजवळ एक शतक कल्पर ज्युनियर कोण हे जगास कळले नाही. मॉर्टन पेनीपॅकर या स्थानिक इतिहासकाराने १९३० च्या सुमारास हस्ताक्षरे ताडून ते सिद्ध केले.

अज्ञानाबद्दल कूपरला दोष देता येत नाही. परंतु त्याने जी कल्पना केली ती तपासता येते. त्याचा वॉशिंग्टन हेरांना सूचना लिहीत नाही. तो स्वतःच हेर होऊन शत्रूच्या मुलखात येतो. वरवर पाहता हे सेनापतीला हेराच्या पातळीवर आणण्याचे धाडस आहे. प्रत्यक्षात परिणाम उलटा होतो. हार्परच्या वेषांतराला कलंक चिकटत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचे गांभीर्य पाहूनच लोक विश्वास ठेवतात, वादळ त्याच्यासाठी थांबते, मुली त्याच्यापुढे आदराने उभ्या राहतात. एकच कृत्य बर्चने केले की नीच आणि हार्परने केले की उदात्त, हा भेद लेखक टिपतो. परंतु त्यात काही खटकण्यासारखे आहे याची जाणीव त्यास झालेली दिसत नाही.

हीच गोष्ट हेन्री व्हार्टनच्या शिक्षेत अधिक ठळकपणे दिसते. हेन्री हेर नाही हे हार्परला प्रत्यक्ष ठाऊक आहे, कारण त्या रात्री तो त्याच छपराखाली होता. पण ही साक्ष दिली तर स्वतःचे वेषांतर उघडे पडेल. म्हणून न्यायालयाच्या शिक्षेस वॉशिंग्टनच्या सहीची मान्यता मिळते, आणि तोच वॉशिंग्टन बर्चकरवी हेन्रीची गुप्तपणे सुटका घडवून आणतो. एका हाताने फाशीच्या हुकमावर सही, दुसऱ्या हाताने तुरुंगाचे दार उघडणे. कूपरचा वाचक हे प्रकरण वाचताना आंद्रेला विसरू शकत नव्हता, आणि कथेचा काळही आंद्रेच्या फाशीनंतर थोड्याच दिवसांचा आहे. तेव्हा या प्रसंगाकडे आंद्रे-प्रकरणाचे सुखान्त रूपांतर म्हणून पाहणे उचित ठरेल.

मूळ प्रकरणात दुसरा हात नव्हता. वेस्ट पॉइंटच्या किल्ल्याचा सेनापती बेनेडिक्ट आर्नल्ड याने तो ठाणे ब्रिटिशांच्या हवाली करण्याचा सौदा आंद्रेशी केला होता. २३ सप्टेंबर १७८० रोजी जॉन पॉल्डिंग, आयझॅक व्हॅन वॉर्ट व डेव्हिड विल्यम्स या तिघांनी टॅरीटाउनजवळ साध्या पोशाखातील आंद्रेला अडविले. कागद त्याच्या मोज्यांत सापडले. नॅथेनिएल ग्रीनच्या अध्यक्षतेखालील चौदा सेनानींच्या मंडळाने त्यास हेर ठरविले. सैनिकाप्रमाणे गोळी घालून मारावे एवढीच त्याची विनंती होती. वॉशिंग्टनने तिला उत्तर दिले नाही. टॉलमॅज आंद्रेच्या पहाऱ्यावर होता. पुढे आपले काय होईल असे आंद्रेने विचारले असता त्याने त्यास हेलचे स्मरण करून दिले, आणि तरीही फाशीच्या दिवशी तो शोकाकुल झाला. या एका माणसात दोन्ही बाजूंच्या हेरांचे मरण एकत्र येते. ‘द स्पाय’मध्ये त्याच्या तोडीचे पात्र नाही, ही या कादंबरीची उणीव होय.

आंद्रेच्या वाट्याला आलेली सहानुभूती अमेरिकन रंगभूमीलाही पचली नव्हती. विल्यम डनलॅप याचे ‘आंद्रे’ हे नाटक मार्च १७९८ मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क थिएटरात झाले. त्यातील तरुण अमेरिकन अधिकारी ब्लँड हा आंद्रेसाठी दया मागतो आणि ती नाकारली जाताच टोपीवरील राष्ट्रचिन्ह काढून फेकतो. प्रेक्षकांनी या प्रसंगास आरडाओरड करून विरोध केला व डनलॅपला तो बदलावा लागला. डनलॅपने आपल्या सेनापतीला नाव दिलेले नाही. तो केवळ ‘जनरल’ आहे. नाव नसलेला हा जनरल रडवेला होतो, तरी वाकत नाही. कूपरच्या हार्परपेक्षा हा रुक्ष जनरल इतिहासाच्या अधिक जवळ आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

आंद्रेला पकडणाऱ्या तिघांची कथाही येथे प्रस्तुत आहे. काँग्रेसने त्यांना प्रत्येकी वार्षिक दोनशे डॉलरांचे निवृत्तिवेतन व रौप्यपदक दिले. १८१७ मध्ये पॉल्डिंगने वाढीव वेतनासाठी अर्ज केला, तेव्हा काँग्रेसचा सदस्य असलेल्या टॉलमॅजने त्यास विरोध केला. हे तिघे दोन्ही छावण्यांत वावरणाऱ्या लुटारूंपैकी होते आणि आंद्रेजवळ पैसा सापडला असता तर त्यांनी त्यास सोडून दिले असते, असे त्याचे म्हणणे पडले. यावरून मोठा वाद माजला. स्वतःच्या हेरांची नावे आयुष्यभर गुप्त ठेवणाऱ्या माणसाने गाजावाजा झालेल्या तिघांचे बक्षीस अडवावे, हे लक्षणीय आहे. चारच वर्षांनी आलेल्या कूपरच्या कादंबरीत स्किनर टोळी बर्चला पकडून आणते आणि बक्षीस मागते. लॉटन त्यांना ठरलेले सोने मोजून देतो आणि लगेच फटकेही देववितो. सोने घेणारा देशभक्त खोटा, ही या प्रसंगातील धारणा पुढच्या महत्त्वाच्या प्रसंगाची पूर्वतयारी करते.

तो प्रसंग सप्टेंबर १७८१ मधील, म्हणजे सैन्य यॉर्कटाउनकडे कूच करीत असतानाचा आहे. (तेथे शरण आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि १७९० ते १७९२ या काळात टिपूविरुद्ध मराठ्यांचा मित्र म्हणून लढला.) वॉशिंग्टन बर्चला निरोप देण्यासाठी बोलावितो आणि त्याच्यापुढे सोन्याच्या नाण्यांची थैली ठेवतो. बर्च ती नाकारतो. देशाला आपल्या सर्व पैशाची गरज आहे, असे तो म्हणतो. तेव्हा सेनापती त्यास स्पष्टपणे सांगतो की तुझ्यावरचा डाग तुला थडग्यापर्यंत वागवावा लागेल. आणि मग एक कागद लिहून देतो. दोघांचेही संवाद आखडते व साधे आहेत. कूपरच्या लेखणीस न शोभणारा हा संयम या प्रकरणास सबंध कादंबरीत श्रेष्ठ ठरवितो. कर्जदार व धनको समोरासमोर उभे आहेत आणि धनको कर्ज माफ करतो. त्यामुळे कर्जदार सुटत नाही, अधिकच बांधला जातो.

कादंबरी येथे संपती तर तिचा आशय अखंड राहिला असता. पण तेहतीस वर्षांनंतरचे आणखी एक प्रकरण आहे. १८१४ मध्ये, इंग्लंडशी झालेल्या दुसऱ्या युद्धात, नायगाराजवळील लढाईत म्हातारा बर्च मारला जातो. त्याच्या छातीपाशी गोळीने भोक पडलेली पत्र्याची डबी सापडते. डबीतील कागदावर वॉशिंग्टनची सही असते आणि तरुण पिढी त्याची निष्ठा मोठ्याने वाचते. वाचकाचे डोळे ओलावतात, यात शंका नाही. पण ज्या कागदाचे मोल तो कधीही न दाखविण्यात होते, तोच लेखकाने अखेरीस दाखवून टाकला. बर्चने एकदा गिळलेला कागद कूपरने त्याच्या मृतदेहावरून पुन्हा काढला. ही तडजोड योगायोगाने झालेली नाही. कूपरने १८३१ च्या प्रस्तावनेत सांगितले आहे की पुस्तक फार लांबेल या भीतीने प्रकाशक कचरला, तेव्हा त्याच्या समाधानासाठी शेवटचे प्रकरण आधी लिहून, जुळवून त्यावर पृष्ठांकही घालण्यात आले. मधली कित्येक प्रकरणे त्या वेळी मनातही नव्हती. म्हणजे डबी उघडणार हे ठरल्यावर ती मिटून ठेवण्याचे प्रसंग लिहिले गेले! निरोपाच्या प्रसंगाची खोली लक्षात घेता, मागाहून सुचलेल्या मजकुराने आधी छापलेल्या शेवटावर मात केली असेच म्हणावे लागते.

त्याच प्रस्तावनेत कादंबरीचे मूळही दिले आहे. राज्यद्रोही कटांचा छडा लावणाऱ्या समितीवर काम केलेल्या एका थोर गृहस्थाने आपल्या एका हेराची आणि त्याने पैसे नाकारल्याची हकीकत कूपरला सांगितली होती. हा गृहस्थ म्हणजे जॉन जे, असे अभ्यासक मानतात; अदृश्य शाई बनविणारा जेम्स जे हा त्याचा भाऊ. १८२८ मध्ये बार्नम नावाच्या लेखकाने एनॉक क्रॉसबी या चांभारकाम करणाऱ्या हेराला ‘खरा बर्च’ म्हणून पुढे आणले. क्रॉसबीनेच तो बर्च होय हे सिद्ध झालेले नाही. परंतु १८३२ मध्ये त्याने शासनापुढे केलेले निवेदन उपलब्ध आहे, आणि ते निवृत्तिवेतनासाठी केलेले आहे. लोकांनी ज्यास बर्च मानले त्याने आपल्या चाकरीचा मोबदला शासनाकडे रीतसर मागितला.

याहून बोलके उदाहरण व्हर्जिनियातील जेम्सचे आहे. विल्यम आर्मिस्टेड नावाच्या मालकाचा हा गुलाम १७८१ मध्ये लाफायेतसाठी कॉर्नवॉलिसच्या छावणीत वावरला आणि तेथील वार्ता आणून देत राहिला. युद्ध संपले तरी तो गुलामच राहिला, कारण गुलामांना मुक्त करणारा १७८३ चा कायदा सैनिक म्हणून लढलेल्यांपुरता होता. हेर त्यात बसत नव्हता. नोव्हेंबर १७८४ मध्ये लाफायेतने त्याच्या सेवेचे प्रमाणपत्र स्वहस्ते लिहून दिले. त्या कागदाच्या आधारे केलेला अर्ज मान्य होऊन जानेवारी १७८७ मध्ये तो मुक्त झाला, आणि त्याने लाफायेत हेच आडनाव घेतले. १८१९ मध्ये त्यास निवृत्तिवेतनही मिळाले. सेनापतीने हेराला दिलेला हा खराखुरा कागद, आणि तो कोणालाही दाखवायचा नसता तर त्याचा काहीच उपयोग नव्हता. बर्चजवळ त्यागण्यास नाव तरी होते. जेम्सजवळ स्वतःचा देहही नव्हता. ‘द स्पाय’मध्ये सीझर हा कृष्णवर्णीय सेवक आहे, पण तो प्रायः हास्यरसासाठी. त्याचे धैर्य हेन्रीच्या सुटकेत उपयोगी पडते आणि लेखक त्याकडे लक्ष न देता पुढे जातो. अनामिक त्यागाचे जे तत्त्व कूपरने बर्चमध्ये पूजिले, ते कोणास परवडते हा प्रश्न त्याच्या तटस्थ भूमीत उद्भवलाच नाही.

यामुळे बर्च खोटा ठरत नाही. निनावीपणाची जी किंमत कूपरने ओळखली ती कल्पर वर्तुळाने खरोखरच मोजली. १७९० च्या एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष या नात्याने लाँग आयलंडचा दौरा करीत असता वॉशिंग्टन सेटॉकेट येथे कॅप्टन रो याच्या घरी उतरला. त्या रात्रीच्या दैनंदिनीत घर बऱ्यापैकी आहे आणि माणसे आदरशील आहेत, अशी नोंद आहे. हेरगिरीचा त्यात शब्दही नाही.